दम न धरता : पाण्याखालच्या गुहांचे गद्य

तीन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी एक लांबलचक इंग्रजी लेख मराठीत आणला. पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये उतरणाऱ्या पाणबुड्यांवरचा. अंक आला, दोन-तीन मित्रमैत्रिणींनी भाषा फार सुंदर झाल्याचे कळवले, मीही सुखावले. मग जानेवारीत विशाखापट्टणमहून एक पत्र आले. लिहिणारे गृहस्थ नौदलातून निवृत्त झालेले, पाणबुड्या म्हणून नोकरी केलेले, मूळचे कोकणातले. ‘ताई, आपला लेख आवडला. दोनदा वाचला. पण त्यातली बाई आपल्या वाक्याने मेली असती.’

लेखात एके ठिकाणी गाळ ढवळून निघतो, दिव्याचा उजेड एकदम निरुपयोगी होतो आणि ती पाणबुडी स्त्री स्वतःला सावरून वरच्या अंगाला निघते. इंग्रजीत होते ते एवढेच, की ती क्षणभर थांबली, शांत झाली आणि निघाली. मी लिहिले होते : ‘तिने क्षणभर दम धरला आणि मग ती सावकाश वर सरकू लागली.’

टाकीतली हवा घेणाऱ्याने दम धरून वर सरकायचे नसते. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत फुगून दुप्पट होऊ पाहते, आणि फुप्फुसाला तेवढी जागा नसते. श्वास कधीही रोखू नका, हा शिकाऊ पाणबुड्याला पहिल्याच दिवशी मिळणारा धडा. मला तो ठाऊक नव्हता असेही नाही. अनुवादाआधी मी बरेच वाचले होते. पण ‘शांत झाली’ला जिवंत मराठी प्रतिशब्द शोधताना हात आपोआप ‘दम धरला’कडे गेला. आपल्याकडे धीर धरतात, दम धरतात, जीव मुठीत धरतात. आपली शांतता आणि आपली भीती, दोन्ही धरण्याच्या क्रियापदावर उभ्या आहेत. ज्या उद्योगात सोडणे हीच शांतता असते, तिथे ही भाषा घेऊन कसे जायचे?

त्या पत्रानंतर मी या विषयावरची पुस्तके आणि चित्रपट पुन्हा, सलग पाहिले. आधी सामग्री म्हणून वाचली होती, आता गद्य म्हणून वाचली. या लेखनाची ठरलेली त्रिसूत्री असते : सौंदर्य, भय, शांती. मलपृष्ठांवरही हेच शब्द आलटून पालटून येतात. माझे मत असे बनले, की यांतली शांती बहुतेक लेखकांना, आणि माझ्यासारख्या अनुवादकांना, चुकीच्या ठिकाणी सापडते. ती वर्णनात नसते, हिशेबात असते.

हिशेब म्हणजे काय, ते शेक एक्सलीच्या पुस्तिकेत सर्वांत स्वच्छ दिसते. एक्सली फ्लोरिडात शाळेत गणित शिकवायचा आणि सुट्टीत तिथल्या झऱ्यांमागच्या गुहांत उतरायचा. तेविसाव्या वर्षी त्याच्या नावावर गुहांतल्या एक हजार बुड्यांची नोंद होती. ‘बेसिक केव्ह डायव्हिंग : अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’ ही त्याची छोटेखानी पुस्तिका १९७९ सालची. तिची रचना मला आजही चकित करते. आधी एक खराखुरा अपघात सांगायचा, माणसे कशी मेली ते. आणि त्यातून एक नियम काढायचा. मग पुढचा अपघात, पुढचा नियम. हळहळ नाही, उपदेश नाही, विशेषणे जवळजवळ नाहीतच. बाहेरच्या उघड्या पाण्यापर्यंत अखंड दोरी असू द्या. हवेचे तीन हिस्से करा. एक आत जाताना, एक बाहेर येताना, एक राखीव.

हा तिसऱ्या हिश्शाचा नियम मी कितीतरी वेळा वाचला होता, पण त्याचा अर्थ कागदावर आकडे मांडले तेव्हा कळला. दोघे आत गेले आहेत. दोघांनी आपापला एक तृतीयांश साठा वापरला, आणि अगदी टोकाला पोचल्यावर एकाची सगळी हवा गेली. नळी फुटली म्हणा. दुसऱ्याकडे दोन तृतीयांश उरली आहे. एकाला बाहेर यायला एक तृतीयांश लागते, म्हणजे दोघांना बरोबर दोन तृतीयांश. तेवढीच. तिसरा हिस्सा तुमच्या पाठीवर असतो, पण तो तुमचा नसतो, सोबत्याचा असतो. आणि हे गणित सुटते एकाच अटीवर : परतताना दोघांनीही जाताना घेतला तितक्याच संथपणे श्वास घ्यायला हवा. घाबरलेला माणूस दुप्पट, तिप्पट हवा ओढतो. म्हणजे शांतता ही इथे मनाची अवस्था राहत नाही, ती समीकरणात गृहीत धरलेली राशी असते. तुम्ही शांत राहायचे ते स्वतःला बरे वाटावे म्हणून नव्हे, शेजारच्याचा श्वास तुमच्याकडून उधळला जाऊ नये म्हणून.

सौंदर्यशास्त्राच्या तासाला आम्हाला बर्क शिकवला होता. १७५७ सालचा त्याचा प्रबंध म्हणतो, की भयातून आनंद मिळतो, पण धोका फार जवळ नसेल तेव्हा. त्याच तासाला शांत हा रस मानावा की मानू नये, यावरचा आपल्याकडचा जुना वाद, आणि अभिनवगुप्ताने घेतलेली शांताची बाजू. जादवपूरच्या त्या वर्गात या दोघांना समोरासमोर उभे करून मी एक बऱ्यापैकी निबंध लिहिला होता. आज तो आठवला की वाटते, दोघेही प्रेक्षकाच्या बाजूने बोलत होते. एक्सलीचे वाचक प्रेक्षक नव्हते. पुढच्या शनिवारी ते स्वतः उतरणार होते. त्यांच्यासाठी लिहिलेल्या गद्यात भयानक रस ओतणे म्हणजे त्यांची हवा वाया घालवणे.

एवढे असूनही याच कोरड्या माणसाने आपल्या आत्मकथनाला नाव दिले ‘कॅव्हर्न्स मेझरलेस टू मॅन’. नाव कोलरिजच्या ‘कुब्ला खान’मधले. माणसाला मोजता न येणाऱ्या गुहा! आयुष्यभर दोरीच्या खुणांवरून अंतरे मोजणाऱ्या, नकाशे काढणाऱ्या गणिताच्या मास्तराला ‘अमाप’ची ओढ वाटावी, यात मला आधी फक्त विसंगती दिसली. मग एक जुना धागा आठवला. जॉन लिव्हिंग्स्टन लोव्ज या अभ्यासकाने १९२७ साली ‘द रोड टू झनाडू’मध्ये कोलरिजच्या वाचनाचा माग काढला. त्यात त्याने दाखवले, की ‘कुब्ला खान’मधल्या उसळत्या कारंज्यामागे विल्यम बार्ट्रम या निसर्गअभ्यासकाचे १७९१ सालचे प्रवासवर्णन आहे, आणि बार्ट्रमने वर्णन केलेले ते झरे फ्लोरिडातले. म्हणजे फ्लोरिडाचे पाणी बार्ट्रमच्या वहीतून इंग्लंडला गेले, तिथे झनाडू झाले, आणि पावणेदोनशे वर्षांनी त्याच चुनखडीत दोरी घेऊन शिरलेल्या माणसाने त्या कवितेतला शब्दसमूह परत मूळ गावी आणला. एक्सलीला ही वंशावळ माहीत असो वा नसो, शीर्षक मला आता विसंगत वाटत नाही. मोजण्याचा ध्यास त्यालाच असतो ज्याला अमाप दिसलेले असते.

ते पुस्तक १९९४ सालचे. त्याच वर्षी ६ एप्रिलला मेक्सिकोतल्या झाकाटोन या पाण्याने भरलेल्या प्रचंड विवरात हजार फुटांच्या खाली जाण्याच्या प्रयत्नात एक्सली गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. वर आणला तेव्हा त्याच्या अंगाभोवती दोरीचे वेढे होते. ते कसे पडले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यात शिरत नाही. नियम लिहिणाराही नियमांच्या पलीकडे गेला, एवढ्यावर बोधकथा रचणारे लेख मला सवंग वाटतात. बोध त्याने स्वतःच १९७९ मध्ये लिहून ठेवला होता, आणि त्याच्या रीतीने पाहिले तर त्याचा मृत्यू हे त्या पुस्तिकेतले आणखी एक प्रकरण आहे.

आता सौंदर्य. ते नाकारण्याचा माझा हेतू नाही, आणि ते खोटेही नाही. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातल्या गुहांत भूगोलाच्या पुस्तकातले अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ पाण्याखाली उभे आहेत. हे स्तंभ पाण्याखाली तयार होऊ शकत नाहीत; ते हवेत, थेंबाथेंबाने वाढतात. हिमयुगात समुद्र खूप खाली होता तेव्हा या गुहा कोरड्या होत्या, बर्फ वितळले आणि त्या बुडाल्या. म्हणजे पाणबुड्या तिथे पोहतो तो एका जुन्या हवेतून. ओयो नेग्रो या विवरात २००७ साली पाणबुड्यांना एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला, सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीचा. ती अंधारात चालत येऊन पडली असावी. जवळच आज नामशेष झालेल्या हत्तीसारख्या प्राण्यांची हाडे होती. याच गुहांत वरचे गोडे पाणी आणि खालचे समुद्राचे खारे पाणी जिथे टेकते, तिथे एक थरथरता पडदा दिसतो. त्यातून जाताना सगळे काही तेल लावलेल्या काचेतून पाहिल्यासारखे पुसट होते, आणि खाली गेले की पुन्हा लख्ख.

हे मराठीत लिहिताना दोन अडचणी येतात. एक साधी. आपला बराचसा मुलूख बेसाल्टचा. आपल्याकडे गुहा म्हटली की डोळ्यांपुढे लेणी येतात, माणसाने छिन्नीने कोरलेली. पाण्याने खडक विरघळवून केलेली, मैलोन्मैल पसरलेली पोकळी आपल्या बोलीच्या अनुभवात नाही. भुयार, विवर, कपार, घळ असे शब्द जोडून जोडून मी काम भागवले. दुसरी अडचण जास्त अवघड : आपल्याकडे शब्द कमी नाहीत, फार आहेत. पाताळ, गर्भ, समाधी, गूढ, अथांग, अनादी. इंग्रजी लेखकाने जरा सैल उपमा दिली, की मराठी अनुवादकाकडे तिच्यासाठी हजार वर्षांची संतवाणी तयार उभी असते. वाक्य लगेच भारदस्त होते, आणि दोरी हातातून सुटते.

या दोरीच्या शब्दावरच मी आठवडा घालवला होता. इंग्रजी ‘लाइन’ पाणबुड्याची दोरीही असते आणि छापील ओळही. इंग्रजीत लिहिणारे त्यावर हौसेने खेळतात. मराठीत ‘सूत्र’ सापडल्यावर मी हरखले. सूत्र म्हणजे धागा आणि सूत्र म्हणजे नियम. एक्सलीच्या पुस्तिकेचे सगळे सार एका शब्दात. पहिल्या खर्ड्यात मी बाई ‘सूत्र धरून’ पुढे जाते असे लिहिलेसुद्धा. मग मोठ्याने वाचले. कोणाही मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नायलॉनची बारीक, ओली, हातमोज्याला खरखरणारी दोरी येईना. मंगळसूत्र आले, सूत्रधार आला. काट मारली. ‘दोरी’ लिहिले. या एका बाबतीत तरी मी पास झाले.

जिल हाइनर्थ या कॅनेडियन पाणबुड्या बाईंचे ‘इन्टू द प्लॅनेट’ (२०१९) या साहित्यातले बहुधा सर्वांत वाचनीय पुस्तक. अंटार्क्टिकात हिमनगाच्या पोटातल्या भुयारांत त्या उतरल्या आणि प्रवाहाने त्यांना आत दाबून धरले, ती प्रकरणे श्वास रोखून वाचली जातात. (पाहा, पुन्हा तोच वाक्प्रचार.) भीती ही शत्रू नाही, ती सोबत असू द्यावी, असे त्या सांगतात, आणि ज्याला भीती वाटत नाही त्याच्याबरोबर उतरायला त्या तयार नसतात. कॉलेजात असताना रात्री घरात शिरलेल्या माणसाला एकटीने तोंड दिल्याचा प्रसंग त्या भीतीच्या शिकवणीचा पहिला धडा म्हणून मांडतात, आणि तो पटतो, कारण तिथेही त्या हातापायांचे, दाराचे, हातातल्या वस्तूचे बोलतात. पण पृथ्वीच्या रक्तवाहिन्यांतून पोहण्याची त्यांची आवडती प्रतिमा आली की माझा विश्वास जरा ढळतो. ती खोटी आहे म्हणून नव्हे; ती कोणीही, एकदाही न उतरता, लिहू शकेल म्हणून. उलट दाबमुक्तीसाठी थंड पाण्यात तासन् तास एका जागी तरंगत राहण्याच्या कंटाळ्याचे जे वर्णन असते, ते उतरलेल्या माणसालाच सुचते. माझ्या लेखी पुस्तकातली खरी शांती त्या कंटाळ्यात आहे.

चित्रपटांपुढे वेगळाच पेच असतो. या विषयाचे सत्य बरेचदा न दिसण्यात आहे, आणि पडद्याला काहीतरी दाखवावेच लागते. थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून २०१८ साली बारा मुलगे आणि त्यांचा प्रशिक्षक यांना बाहेर काढले, त्यावरचा ‘द रेस्क्यू’ (२०२१) हा माहितीपट मी तीनदा पाहिला. प्रत्यक्षात त्या गढूळ पाण्यात हात दिसत नव्हता. चित्रपटासाठी त्याच पाणबुड्यांनी स्टुडिओच्या टाकीत ते प्रसंग पुन्हा करून दाखवले. दिग्दर्शकांनी पाणी जमेल तेवढे गढूळ ठेवले, पण कॅमेऱ्याला आणि आपल्याला दिसेल इतपतच. चित्रपट खरा होतो तो मुलाखतींत. एक पाणबुड्या सांगतो, की एका हातात भूल दिलेला मुलगा असताना दुसऱ्या हातातली दोरी निसटली. चाचपडता चाचपडता विजेची एक केबल लागली आणि ती धरून तो गेला, तर पुन्हा मागच्याच दालनात पोचला. हे सांगताना त्याचा आवाज सपाट असतो. इंग्रजांच्या अबोलपणाचे कौतुक बऱ्याच समीक्षकांनी केले. मला तो स्वभाव वाटत नाही, सवय वाटते. हवा जपून वापरणाऱ्यांची वाक्येही तशीच होतात. आणि त्या मुलांची शांतता तर औषधाची होती, केटामिनची. घाबरायची मुभाच त्यांना ठेवली नव्हती. तिसऱ्या हिश्शाचा तो नियम इथे टोकाला गेलेला दिसतो. दोघांसाठी शांत राहण्याचे काम एकट्याच्या अंगावर.

त्या मोहिमेत पाणी बाहेर काढण्याच्या कामी किर्लोस्कर ब्रदर्सच्या पथकाने तांत्रिक साहाय्य केले होते. त्या बातम्या मराठीत वाचताना जाणवले, की पाणी काढायची भाषा आपल्याकडे मुबलक आहे : उपसा, मोट, रहाट, पोहरा, विहिरीचा गाळ काढणे. पाण्यात घटकाभर जाऊन यायचीही आहे : बुडी, सूर, मुटका. पाण्यात राहायची मात्र नाही.

‘डेव्ह नॉट कमिंग बॅक’ (२०२०) या माहितीपटाबद्दल मी कमी लिहिणार आहे. ऑस्ट्रेलियन वैमानिक डेव्ह शॉ दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या गुहेत २००४ साली सुमारे २७० मीटरवर गेला असता त्याला दहा वर्षांपूर्वी बुडालेल्या एका तरुणाचा देह दिसला. जानेवारी २००५ मध्ये तो देह आणायला गेला आणि स्वतः परतला नाही. त्याच्या शिरस्त्राणावर कॅमेरा होता. त्या खोलीवर कष्टाचे काम करताना श्वास उथळ आणि भराभर होतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि शुद्ध हरपते. त्या चित्रफितीवर हे ऐकू येते. टिम झिमरमन यांनी ‘आउटसाइड’ मासिकात याच घटनेवर लिहिलेला लेख मला चित्रपटापेक्षा सरस वाटतो, कारण तो श्वास ऐकवत नाही, मोजतो. मोजलेला आकडा वाचताना मी विद्यार्थिनी असते. तो श्वास ऐकताना मी बर्कचा प्रेक्षक होते, आणि मला तसे व्हायचे नव्हते. दुसऱ्यांदा मी आवाज बंद करून पाहिला.

आता त्या दिवाळी अंकातला लेख माझ्या अनुवादांच्या संग्रहात येतो आहे. ते वाक्य मी बदलले : ‘तिने श्वास पूर्ण सोडला. दुसरा घेतला. दोरी बोटांत घट्ट धरली आणि ती निघाली.’ छपाईला देण्याआधी विशाखापट्टणमला पाठवून दिले.

आठवड्यात उत्तर आले. ‘श्वासाचे आता ठीक. गुहेत मी कधी गेलो नाही, पण बंदराच्या तळाशी गाळात, काही दिसत नसताना, दोरीवर वर्षानुवर्षे काम केले आहे. दोरी घट्ट धरायची नसते, ताई. अंगठा आणि तर्जनी यांची कडी करायची आणि दोरी त्या कडीतून जाऊ द्यायची. ओढली तर ती सरकून अशा फटीत जाऊन बसते, जिथे आपण मावत नाही.’

मी ‘घट्ट धरली’ काढले. सध्या त्या जागी ‘बोटांच्या कडीत घेतली’ असे आहे. मुद्रिते अजून यायची आहेत.